हरणाचं लक्ष कुठे आहे?

ताडोबाच्या गेटमधून सकाळची जिप्सी आत शिरली, की वाघ दिसो न दिसो, चितळं दिसतातच. गाडीतले दोघं-तिघं कॅमेरे उचलतात, चार-सहा फोटो काढतात, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "चितळच आहेत हो, चला पुढे." घरी येऊन ते फोटो उघडावेत तर सगळे एकाच साच्यातले: मान उंच, दोन्ही कान पुढे, डोळे थेट लेन्सवर. फोटो स्वच्छ असतो, अंगावरचे ठिपके मोजता येतात, तरी तो बेचव लागतो. कारण त्यात चितळाचं जगणं आलेलंच नसतं. गाडी येऊन थांबल्यावर चितळ पहिल्या दहा सेकंदांत काय करतं, एवढंच आलेलं असतं.

वाघाचा फोटो काढणं यापेक्षा सोपं, असं म्हटलं तर पुष्कळांना राग येईल. वाघ सापडणं अवघड, हे खरंच. पण एकदा सापडला की तो बहुधा तुमची दखल घेत नाही. रस्त्याच्या मधोमध चालत येतो, पाण्यात बैठक मारतो, जांभया देतो. हरणाला ही चैन परवडत नाही. आपल्याकडे कोणी येतंय हे वेळेत कळावं, यासाठीच त्याचे डोळे, कान आणि नाक घडलेले आहेत. म्हणून हरणांच्या छायाचित्रणात लेन्स आणि शटरच्या आधी एक प्रश्न येतो: या घडीला याचं लक्ष कुठे आहे? तुमच्यावर असेल, तर फोटो थोडा उशिरा काढलेला बरा.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी असते. त्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचा जवळजवळ ३०० अंशांचा पट्टा दिसतो. बारीक तपशील मात्र आपल्याइतका दिसत नाही. स्थिर उभा माणूस आणि झाडाचं खोड यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. हललेला हात मात्र लगेच टिपला जातो. रंगांचं गणितही वेगळं आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. तांबडा रंग त्याला तांबडा म्हणून दिसत नाही. नारिंगी त्याला पाचोळ्यासारखा किंवा हिरवटसर वाटतो. काळ्या पट्ट्यांचा नारिंगी वाघ गवतात लपू शकतो, तो याच कारणामुळे. अमेरिकेतले शिकारी एकमेकांच्या गोळ्यांपासून वाचायला भडक नारिंगी जाकिटं घालतात, आणि हरणांना त्याचं काहीच वाटत नाही. निळा रंग मात्र हरणाला चांगला दिसतो, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही काही प्रमाणात कळतो. कपडे 'पांढरेशुभ्र' करणाऱ्या साबणाच्या पावडरीत अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकणारी रसायनं असतात. पहाटेच्या मंद उजेडात असा धुतलेला शर्ट त्याच्या डोळ्यांना लाल टोपीपेक्षा कितीतरी जास्त खुपतो. तरीही माझं मत असं, की कपड्यांची चर्चा लोक गरजेपेक्षा जास्त करतात. अंगभर खाकी चढवून येणारा माणूस हात लांब करून "ते बघ, ते बघ" करतो तेव्हा त्या खाकीचा उपयोग संपलेला असतो.

डोळ्यांपेक्षा कान वाचायला शिकावं. हरणाचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात. चरणाऱ्या चितळाचा एक कान तुमच्याकडे आणि दुसरा झाडीकडे असेल, तर त्याने तुमची नोंद घेतली आहे पण तुम्हाला फारसं मोजलेलं नाही. दोन्ही कान तुमच्याकडे वळले की चरणं थांबतं. पुढच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत: मान वर, अंग ताठ, पुढचा पाय जमिनीवर आपटणं, शेपटी उभी, मग हाक आणि धूम. यातल्या पहिल्या पायरीवरच थांबलं पाहिजे. गाडी थांबवा, इंजिन बंद करायला सांगा, बोलणं बंद करा आणि कॅमेरा डोळ्याला लावून तसाच ठेवा. बहुतेक वेळा काही मिनिटांत कळपातलं एखादं जनावर पुन्हा तोंड खाली घालतं आणि त्याच्या मागोमाग बाकीची. फोटो काढायची वेळ इथून सुरू होते. एखादी मादी पाडसाला चाटते, दोन नर शिंगं अडकवून एकमेकांचा अंदाज घेतात, एखादा नर मागच्या पायांवर उभा राहून वरच्या फांदीला शिंगं आणि तोंड घासतो. तुम्ही तिथे नसतात तरी हे सगळं असंच झालं असतं.

गंमत अशी, की हरणांचे जगात पहिल्यांदा गाजलेले फोटो नेमके याच्या उलट पद्धतीने काढलेले होते. जॉर्ज शिरास हे अमेरिकेतले वकील. वडील तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि स्वतः शिरास १९०३ ते १९०५ या काळात अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. उन्हाळे ते मिशिगन राज्यात, लेक सुपीरियरजवळच्या व्हाइटफिश तलावावर काढत. तिथल्या ओजिब्वे आदिवासींची शिकारीची एक रीत होती. रात्री नावेच्या टोकाला जाळ पेटवायचा आणि आवाज न करता काठाकाठाने जायचं. पाण्यावर आलेलं हरीण त्या उजेडाकडे टक लावून बघत राहतं, त्याचे डोळे अंधारात दोन निखाऱ्यांसारखे चमकतात आणि उजेडामागे बसलेला शिकारी त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध नेम धरतो. शिरासही आधी शिकारीच होते. पुढे बंदुकीच्या जागी त्यांनी कॅमेरा ठेवला आणि मॅग्नेशियमच्या पावडरीचा भडका उडवून फोटो घ्यायला सुरुवात केली. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या फोटोंना सुवर्णपदक मिळालं. जुलै १९०६मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. मासिकाचं चित्रांचं पुस्तक करताय, असं म्हणून संस्थेच्या व्यवस्थापक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले, असा किस्सा आजही सांगितला जातो.

त्या फोटोंत हरणाचं सगळं लक्ष नावेकडे आहे, उजेडाने बांधून ठेवल्यासारखं. शंभराहून जास्त वर्षांनीही ते फोटो थक्क करतात, हे मान्यच. पण मला शिरास यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांनी जनावरांच्या वाटेवर तार ताणून ती कॅमेऱ्याला जोडली. येणारं हरीण तारेला लागलं की भडका उडे आणि फोटो निघे. छायाचित्रकार तंबूत झोपलेला असे. हीच युक्ती आपल्याकडे १९२०च्या दशकात संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यातले अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या जंगलांत वापरली. त्यांचं पुस्तक १९२७ साली आलं. आज वाघ मोजायला जंगलात लावलेले कॅमेरा ट्रॅप त्याच घराण्यातले. त्यांत वाघापेक्षा चितळ-सांबरच जास्त सापडतात, आणि त्यांतली हरणं कोणाकडेच बघत नसतात.

दिवसाउजेडी, पायी किंवा हत्तीवरून फोटो काढणाऱ्यांत मद्रासचे एम. कृष्णन यांचं नाव घ्यावंच लागतं. ते १९१२ साली जन्मले, १९९६ साली गेले, आणि कायम कृष्णधवल फोटो काढत राहिले. जुने सुटे भाग जोडून केलेल्या कॅमेऱ्यावर त्यांचं भागत असे. जनावर आधी ओळखावं, त्याचं वागणं समजून घ्यावं आणि फोटो त्या ओळखीतून यावा, हा त्यांचा क्रम होता. महागड्या लेन्सच्या गप्पा सुरू झाल्या की मला ते आठवतात.

अर्थात लेन्सचा हिशोबही लागतो, आणि तो एकदा समजून घेतला की पुन्हा करावा लागत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर ३० मीटरवर चौकटीत साधारण पावणेतीन मीटर रुंदी आणि पावणेदोन मीटर उंची मावते. चितळाचा खांदा असतो जेमतेम ९० सेंटिमीटर. म्हणजे एक पूर्ण नर शिंगांसकट आरामात बसतो आणि भोवती थोडं जंगलही उरतं. ६०० मिलिमीटर लावली तर तोच नर चौकटीत कोंबल्यासारखा होतो.

इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. जिप्सीत उभं राहिलं की कॅमेरा जमिनीपासून सातेक फुटांवर जातो. जवळच्या चितळाचा फोटो वरून खाली काढल्यासारखा येतो. पाठ मोठी, पाय आखूड, मागे नुसती जमीन. त्यावर उपाय म्हणजे जवळ न जाता लांब राहणं. १० मीटरवर जो उतरता कोन पडतो, तो ४० मीटरवर जवळजवळ चौथाई होतो. फोटो हरणाच्या पातळीवर येतो, मागची झाडी धूसर होते आणि हरणालाही तुमचा जाच कमी होतो. रस्ता खोलगट असेल आणि हरणं वरच्या अंगाला चरत असतील, तर अशी जागा सोडू नये.

गाडीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. राजमा किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी, जिला सगळे बीनबॅग म्हणतात, ती जिप्सीच्या आडव्या दांड्यावर टाकून तिच्यावर लेन्स टेकवली की काम होतं. इंजिन चालू असेल तर या टेकूतूनच थरथर लेन्समध्ये उतरते, म्हणून ते बंद हवंच. स्थिर हरणाला १/५०० सेकंद पुरतो; पळणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. सांबराचा फोटो काढताना कॅमेऱ्यावर विसंबू नका. गडद रंगाचं जनावर सावलीत उभं असलं की कॅमेरा त्याला करडं करायला बघतो आणि फोटो फिका पडतो. एक्स्पोझर पाऊण ते एक स्टॉपने खाली आणावं लागतं. चितळाच्या बाबतीत भीती उलटी असते. गळ्यावरचा पांढरा पट्टा उन्हात जळून जातो आणि तिथला तपशील परत आणता येत नाही. बांबूच्या आड उभ्या असलेल्या हरणावर आपोआप डोळा शोधणारा फोकस फसतो आणि पुढच्या काडीलाच धरून बसतो. तिथे एकाच बिंदूचा फोकस वापरावा.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे कधी जायचं. आपल्याकडचे लोक उन्हाळ्यात जातात, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. चितळासाठीही हा काळ उत्तम आहे. मध्य भारतात एप्रिल-मे-जूनमध्ये बहुतेक नरांची शिंगं कडक आणि चकचकीत असतात, माज शिगेला असतो, आणि पहाटे नरांच्या कर्कश, ओढलेल्या आरोळ्या ऐकू येतात. जॉर्ज शेलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हात राहून चितळ, बारशिंगा आणि वाघ यांचा अभ्यास केला, तेव्हा हे वेळापत्रक बारकाईने नोंदलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात आणि चितळं झाडाखाली गोळा होतात. फुलं वेचताना त्यांचं लक्ष जमिनीवर इतकं गुंतलेलं असतं, की छायाचित्रकाराला याहून चांगली जागा मागून मिळणार नाही. वर वानरं बसलेली असतील तर दुधात साखर. त्यांच्या हातून पडलेला पाला आणि फळं चितळं खातात, आणि वानरांचे उंचावरचे डोळे त्यांना फुकट मिळतात.

सांबराचं घड्याळ वेगळं आहे. त्याचा माज हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. मे महिन्यात गेलात तर पुष्कळसे नर बोडके तरी दिसतील किंवा त्यांना मखमलीच्या आवरणातली नवी, बोथट शिंगं फुटत असतील. अनेकांना ते आजारी वाटतात. सांबराच्या गळ्याखाली माजाच्या दिवसांत केस झडून रक्ताळलेला गोल डाग पडतो, त्यालाही लोक वाघाने केलेली जखम समजतात. फोटोखाली तसं लिहूनही टाकतात. ही जखम नव्हे, सांबरांत ती नेहमी आढळणारी गोष्ट आहे. सांबर एरवी दिवसा झाडीत दडून राहतं, पण ताडोबाच्या तलावात उन्हाळ्यात ती पोटापर्यंत पाण्यात शिरून पाणवनस्पती खाताना दिसतात. त्या तलावात मगरीही आहेत, त्यामुळे सांबराचा एक कान सतत पाण्यावर असतो.

महाराष्ट्राची हद्द ओलांडायची तयारी असेल तर डिसेंबर-जानेवारीत कान्हाला जावं. कडक जमिनीवर राहणारा बारशिंगा हा तिथला मानकरी. १९७० साली तिथे फक्त ६६ बारशिंगे उरले होते. गवताळ मैदानांवरची गावं बाहेर वसवली गेली, उंच गवत राखलं गेलं, कुंपणाच्या सुरक्षित आवारात पैदास वाढवली, आणि कळप पुन्हा शेकड्यांवर गेले. २०१५पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्रप्रकल्पातही नेले आहेत. माजाच्या दिवसांत नर चिखलात लोळतो, गवतात शिंगं खुपसतो आणि गवताचे झुबके शिंगांवर मिरवत फिरतो. थंडीच्या सकाळी मैदानावर धुकं असतं. सूर्य नराच्या मागे ठेवून फोटो काढला तर नराने डोकं वर करून घातलेल्या हाळीबरोबर तोंडातून निघणारी वाफसुद्धा उजळते. त्या वेळी त्याचं लक्ष माद्यांवर आणि दुसऱ्या नरांवर असतं. गाड्यांची रांग लागली तरी तो ढुंकून बघत नाही.

सह्याद्रीत गाडीचा आधार नाही. भीमाशंकर, कोयना, आंबोलीच्या बाजूला भेकर भेटतं, तेही एकटंदुकटं आणि बहुधा पळताना. तिथे वारा बघितल्याशिवाय पाऊल टाकण्यात अर्थ नाही. चिमूटभर बारीक धूळ हवेत सोडली की दिशा कळते. सकाळी थंड हवा उतारावरून दरीकडे सरकते, म्हणून भेकर वर असेल तर खालून जावं. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते, मग वरून उतरावं. इतकं करूनही दाट झाडीत अंतर कमी असतं. भेकराचा भुंकल्यासारखा आवाज ऐकू आला, की तुमचा वास त्याला लागला असं समजून निमूट परतावं.

कॉलबद्दल, म्हणजे धोक्याच्या हाकांबद्दल, थोडं सांगतो, कारण जंगलात सगळ्यात जास्त घाई तिथे होते. चितळाने हाक दिली, सांबराने 'ढाँक' केलं, की ड्रायव्हर गाडी आवाजाच्या दिशेने दामटतो. सांबराची हाक बहुधा खोटी ठरत नाही, त्यामुळे त्याची घाई समजू शकते. पण हाक देणाऱ्या जनावरालाच सोडून पुढे जाण्यात एक उत्तम फोटो हातचा जातो. ताठलेला पाय, उभी शेपटी, एकाच दिशेला वळलेलं सगळ्या कळपाचं डोकं. आणि हे सगळं तुमच्यासाठी नसून झाडीतल्या कोणासाठी तरी. चौकटीत नजरेच्या दिशेला मोकळी जागा सोडली, तर न दिसणारा वाघही फोटोत येतो.

याउलट हरणाने वर बघावं म्हणून जिप्सीच्या दारावर थाप मारणारे, शीळ घालणारे, गाइडला टाळी वाजवायला सांगणारे लोक दर सीझनला भेटतात. मला हे नुसतं असभ्य वाटत नाही, मूर्खपणाचंही वाटतं. फोटोतली सगळी गंमत ते स्वतःच्या हाताने घालवतात. त्याचा भुर्दंड जनावरालाही पडतो. उन्हाळ्यात चारा निकस असतो, आणि दर गाडीगणिक चरणं थांबवून पळणाऱ्या मादीला ती ताकद दुसरीकडून मिळत नाही. पाडसांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. हरणाची मादी नवजात पिलाला गवतात लपवून चरायला जाते. पिलू हलत नाही, आणि बघणाऱ्याला ते टाकून दिल्यासारखं वाटतं. ते टाकलेलं नसतं. तुम्ही त्याच्याजवळ असेपर्यंत आई परतायला धजावत नाही. फोटो काढू नका, हात लावू नका, निघून जा. जंगलात गळून पडलेलं शिंगही उचलू नये. ते शोभेला घरी आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते जनावर जिवंत असो वा नसो.

साधारण जुलै ते सप्टेंबर व्याघ्रप्रकल्पांचा गाभा बंद असतो, पण ताडोबाच्या बफरमधल्या काही वाटा पावसाळ्यातही चालू असतात. हिरव्यागार पार्श्वभूमीवर मखमली शिंगांचे सांबर आणि ओल्या अंगाचं तांबूस चितळ बघायचं असेल तर तीच वेळ. गर्दी कमी आणि उजेड दिवसभर मऊ. कोणत्याही महिन्यात गेलात तरी एक काम गेटवरच उरकून घ्या. ड्रायव्हरला आणि गाइडला सांगा, की आज चितळांच्या कळपाजवळ अर्धा तास थांबायचं आहे. ते बहुतेक आनंदाने थांबतात, कारण वाघामागची धावपळ त्यांना रोजचीच असते. गाडी वाटून घेतलेली असेल तर बाकीच्यांनाही आधीच विचारा. नाहीतर दहाव्या मिनिटाला मागून "चला पुढे" ऐकू येईल.